खड्यांचा डबा: एकाच कोपीतली दोन भावंडं, दोन राजकारणं

गेली पंधरा वर्षं मी मराठवाड्यात ग्रामपंचायतीच्या महिला सदस्यांची आणि सरपंचांची प्रशिक्षणं घेते. हे प्रकरण त्यातल्याच एका सरपंचताईंचं. गाव बीड जिल्ह्यातलं, ऊसतोडीला जाणारं. ताई आणि त्यांचा थोरला भाऊ, दोघांनीही लिहायला होकार दिला आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, काही बदलले आहेत. पुढे मी त्यांना ताई आणि दादा एवढंच म्हणते.

लहानपण माणसाचं राजकारण घडवतं, असं आपण सहज बोलून जातो. मीही प्रशिक्षणात बोलत आले. या प्रकरणात दोघांचं लहानपण एकच होतं, कोपी, म्हणजे ऊसतोड मजुरांची झोपडी, एकच होती, ज्या रात्रीबद्दल दोघं बोलतात ती रात्रही एकच होती. त्यातून बहिणीचं राजकारण एका दिशेला गेलं, भावाचं बरोबर उलट्या. ते कसं झालं, त्याचा गावाच्या कारभारावर काय परिणाम झाला आणि माझं कुठे चुकलं, हे या लेखात मांडते.

पार्श्वभूमी

दसरा झाला की या गावातून गाड्या भरतात. जोडीने जाणारे नवरा-बायको म्हणजे एक कोयता. मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा माणूस, त्यांना पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि ती फेडायला ते पाच-सहा महिने फडात राबतात. कामावर नाही गेलं तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या सालावर जाते. पोरं सोबत जातात, कारण मागे ठेवायला घरात कोणी नसतं.

ताई आणि दादा असेच जायचे. 1993-94 चा हंगाम. कारखाना पश्चिम महाराष्ट्रातला. ताई नऊ वर्षांच्या, तिसरीत. दादा तेरा वर्षांचा, शाळा सुटलेली, वडिलांबरोबर गाडी भरायला लागलेला. टायरगाडी होती, बैल स्वतःचे. ताईंचं काम धाकट्याला सांभाळायचं, पाणी आणायचं, भाकरी थापायच्या.

ताईंना शाळेची सवय मोडवत नव्हती. पाटी नव्हती, म्हणून त्यांनी मोजण्याचा एक खेळ काढला. वडील गाडी रिकामी करून कारखान्यावरून परत आले की डालड्याच्या रिकाम्या डब्यात एक खडा टाकायचा. एक खेप, एक खडा. त्यामागे काही हेतू नव्हता, असं त्या आजही म्हणतात. रोज काहीतरी मोजल्यावर बरं वाटायचं, एवढंच.

ती रात्र

पौषातली थंडी. आईला रात्री एकाएकी जास्त झालं. पोरांना सांगितलं गेलं, ताप आहे. वडील गाडी घेऊन कारखान्यावर नंबरला लागलेले, पहाटेशिवाय येणार नव्हते. दादा अंधारात उसाच्या कडेकडेने मुकादमाच्या मुक्कामापर्यंत चालत गेला.

दादाने मला ते असं सांगितलं: “मुकादम उठला. एक शब्द बोलला नाही. राजदूत काढली, आईला मागं बसवली, मला टाकीवर घेतला. थंडीनं दात वाजत व्हते, तरी मला वाटत व्हतं, आता कायबी व्हनार नाही. डॉक्टरला पैसे त्यानंच दिले. ते हिशेबात धरले का नाही, ते मी कधी इचारलं नाही.”

ताईंच्या आठवणीत मोटरसायकल नाही. त्या कोपीतच होत्या, धाकट्याला मांडीवर घेऊन. त्यांची आठवण आठवडाभरानंतरची आहे. मुकादम हिशेब सांगायला आला आणि वही उघडून वडिलांना म्हणाला, छत्तीस खेपा. डब्यात एक्केचाळीस खडे होते. ताईंनी दोनदा मोजले. वडिलांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “गप बस. त्यानं आत्ताच तुझ्या आईला दवाखान्यात नेलंय.”

त्या एका वाक्यात दोन्ही गोष्टी आहेत. दोघा भावंडांनी ते ऐकलं होतं. दादाने त्यातला दुसरा भाग जवळ ठेवला, ताईंनी पहिला.

दोन वाटा कुठे फुटल्या

मला वाटतं, वाटा त्या रात्री फुटल्या नाहीत. त्या चैत्रात फुटल्या, गावी परतल्यावर.

ताई पुन्हा शाळेत गेल्या. गुरुजींनी इतके महिने कुठे होतीस म्हणून रागावण्याऐवजी विचारलं, तिकडे काय शिकलीस. ताईंनी डब्याची गोष्ट सांगितली. गुरुजींनी डबा शाळेत आणायला लावला आणि फळ्यावर वजाबाकी मांडली. एक्केचाळीस वजा छत्तीस. “पाच खेपांचा ऊस कुठं गेला?” मागून एक पोरगा म्हणाला, “बैलानं खाल्ला.” सगळा वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, “बैलानं खाल्ला असंल तर पैसे बैलाला मागू. नसंल खाल्ला, तर कोणाला मागायचे?” मग एका खेपेत साधारण किती टन, टनाला काय भाव, पाच खेपांचे किती झाले, हे सगळ्या वर्गाने करून दाखवलं.

ताई म्हणतात, “त्या दिवशी मला कळलं, की मला जे वाटत होतं ते खरं होतं. चाळीस पोरांनी गणित केलं, सगळ्यांचं उत्तर एकच आलं.”

ही गोष्ट घरी कळली. वडिलांनी हात उगारला नाही. विचारलं, “पुढच्या साली उचल कोण देईल?” आणि परसात जाऊन डबा उपडा केला. खडे उकिरड्यात गेले. डबा ताईंनी उचलून ठेवला, तो अजून त्यांच्याकडे आहे. मी पाहिला आहे. पिवळा रंग उडालेला, कडेला गंज. आता त्यात सुतळी आणि दाभण असतं.

दादाच्या वाट्याला असा चैत्र आला नाही. तो शाळेत नव्हताच. गावी परतल्यावर तो मुकादमाच्या ओट्यावर बसू लागला. तिथे त्याला चहा मिळे, निरोप पोहोचवायची कामं मिळत. सोळाव्या वर्षी तो टोळी जमवायला मदत करू लागला, पंचविशीत स्वतः मुकादम झाला. त्याचं राजकारण त्याने मला एका दमात सांगितलं: “सरकार येतं अन् जातं. रात्री दोन वाजता दार कोण उघडतंय, त्याला धरून राहायचं. अन् आपन मोठं झालो तर आपन दार उघडायचं.” तो तसा वागतोही. त्याच्या टोळीतल्या बाईला तो स्वतः दवाखान्यात नेतो, हे मला टोळीतल्या बायकांनीच सांगितलं.

इथे मला एक प्रवास आठवतो. 1901 मध्ये बालपणी बाबासाहेब आंबेडकर वडिलांना भेटायला साताऱ्याहून कोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच गाडीवान गाडी हाकायला तयार होईनात. दुप्पट भाडं देऊन गाडी मिळाली, ती पोरांनीच हाकली, आणि रात्रभर पिण्याचं पाणी मिळालं नाही. त्या प्रसंगाला आपल्या आयुष्यात मोठं स्थान आहे, असं त्यांनी पुढे स्वतः लिहिलं. पण त्या गाडीत ते एकटे नव्हते. भाऊ होता, बहिणीची मुलं होती. अपमान सगळ्यांचा झाला, तहान सगळ्यांना लागली. प्रसंग माणसाला ढकलतो. कोणत्या दिशेला, ते नंतर त्या प्रसंगाला कोण नाव देतं, कोणत्या शब्दांत देतं, यावर बरंच अवलंबून असतं. ताईंना नाव गुरुजींनी दिलं: हिशेब. दादाला मुकादमाच्या ओट्याने दिलं: आधार.

1965 मध्ये अमेरिकेत एम. केंट जेनिंग्ज आणि रिचर्ड नीमी यांनी शाळेच्या शेवटच्या वर्गातली मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्या मुलाखती घेतल्या. पक्षाची आवड घरातून मुलांमध्ये बऱ्यापैकी उतरलेली दिसली, पण बाकीच्या प्रश्नांवरची मतं फार कमी उतरली होती. आपल्याकडचं घर वेगळं, काळ वेगळा. तरी या भावंडांकडे बघताना मला ते पटतं. दोघं आजही मत एकाच पक्षाला देतात. मात्र मुकादम म्हणजे काय, यावर त्यांचं एकमत व्हायचं नाही.

अडचण

ताईंचं लग्न आतेभावाशी झालं, म्हणून त्या त्याच गावात राहिल्या. सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसून, दहावी केली. बचत गटाचे हिशेब लिहू लागल्या आणि हळूहळू गावातल्या सगळ्या गटांची दप्तरं त्यांच्याकडे आली. ऑक्टोबर 2017 मध्ये राज्यात पहिल्यांदा जनतेतून थेट सरपंच निवडायचे होते. गावचं पद महिलेसाठी राखीव निघालं. दादाने बहिणीला उभं केलं. “कारभार मी बघीन, तू सह्या कर,” हे त्याने लपवलं नाही. ताई हो म्हणाल्या आणि निवडून आल्यावर पहिल्याच महिन्यात ग्रामसेवकाकडून कीर्द, म्हणजे जमाखर्चाची वही, मागून घेतली. तेव्हापासून भावाबहिणीत ताण होता, पण घरातला, पोळ्याला-पंचमीला मिटणारा.

मग 2020 चं टाळेबंदीचं साल आलं. गावचे लोक कारखान्यांवर अडकले. राज्य सरकारने 17 एप्रिलला ऊसतोड मजुरांना गावी परतायची परवानगी दिली. तहसीलमधून ताईंना विचारणा झाली, तुमच्या गावचे किती लोक कोणत्या कारखान्यावर आहेत? ताईंकडे उत्तर नव्हतं. कोण कुठे आहे हे फक्त मुकादमांना माहीत. आपल्याच गावचे चारशे-पाचशे लोक सरपंचाला मोजता येत नव्हते. ताईंनी मला त्या रात्री फोन केला होता. आवाज फुटत नव्हता. “मॅडम, माझा डबा परत रिकामा झाला,” एवढंच म्हणाल्या.

सप्टेंबर 2021 मध्ये शासनाने ऊसतोड कामगारांची नोंदणी ग्रामसेवकामार्फत करून ओळखपत्र द्यायचं ठरवलं. तीन वर्षं आणि त्याहून जास्त हे काम करणाऱ्यांना ते मिळणार होतं. ताईंनी ही संधी धरली. पण सरकारी नोंदीवर त्यांचं समाधान नव्हतं. त्यांनी ग्रामपंचायतीची स्वतःची एक नोंदवही आखली: कुटुंब, मुकादम, कारखाना, उचल किती, मागची बाकी किती. ही वही ग्रामसभेत मंजूर करून पंचायतीत ठेवायची आणि दर हंगामाच्या शेवटी जाहीर वाचायची.

दादाला हे कळलं आणि घरातला ताण चावडीवर आला.

त्यात आणखी एक गुंता होता. जिल्हा परिषद, पंचायत समितीच्या निवडणुका 2022 च्या सुरुवातीला होतील असं सगळे धरून चालले होते. ताईंना पंचायत समितीला उभं राहायचं होतं. हे त्या उघड बोलत, आणि मला त्याचं कौतुक होतं. आपल्याकडे बाईने ‘मला सभापती व्हायचंय’ म्हटलं की लोक चमकतात. ताई म्हणायच्या, “सरपंचाला गावाचा हिशेब कळतो. तालुक्याचा हिशेब कळायचा तर वर जावं लागंल.” तालुक्यातल्या नेत्याचा निरोप दादामार्फतच आला: यादीचा नाद सोडा, तिकीट तुमचं.

समोरचे पर्याय

दसरा त्या वर्षी 15 ऑक्टोबरला होता. ग्रामसभा 2 ऑक्टोबरला. त्याआधीच्या आठवड्यात आम्ही दोघी तीनदा बसलो.

सोपा मार्ग होता सरकारी नोंदणी तेवढी करायची. जो येईल त्याचा फॉर्म भरायचा, वही विसरायची. भाऊ खूश, नेता खूश, ओळखपत्रंही निघाली असती. ताईंनी हा पर्याय ऐकूनही घेतला नाही. “मग मी कशाला झाले सरपंच?”

दुसरा मार्ग त्यांचा स्वतःचा, पूर्ण वहीचा. तिसरा मी सुचवला होता, आणि अर्ध्या मनाने: वही करावी पण उचलीचा आकडा गाळावा, फक्त कोण कुठे गेलं एवढंच लिहावं. टाळेबंदीत नेमकी तीच अडचण झाली होती. ताई म्हणाल्या, “आकडा गाळला तर ती मुकादमाचीच वही झाली.” मी गप्प बसले.

त्या गप्प बसण्याबद्दल मी पुढे लिहिते. एक चौथा मार्ग आम्हाला सुचलाच नाही: ज्यांची नावं वहीत जाणार, त्यांना आधी विचारणं. आमच्या तीन बैठकांत एकही ऊसतोड करणारी बाई नव्हती. ताई स्वतः फडातून आलेल्या, त्यामुळे त्या असल्या म्हणजे फड बोलला असं आम्ही धरलं. पण ताई फड सोडून पंचवीस वर्षं झाली होती.

ग्रामसभेतला दिवस

आदल्या दिवशीच्या महिला सभेला फार कमी बायका आल्या. तिथेच सावध व्हायला हवं होतं.

ग्रामसभेत ताईंनी ठराव मांडला. त्या चांगलं बोलतात. डब्याची गोष्ट सांगितली, फळ्यावरची वजाबाकी सांगितली. मुकादम विरोध करतील अशी तयारी होती. पण दादा आणि बाकीचे मुकादम मागे गप्प उभे राहिले. विरोध ज्यांच्यासाठी वही होती त्यांच्याकडून आला.

एकजण म्हणाला, मी दोन मुकादमांची उचल घेतलीय, घरात लग्न होतं म्हणून. यादीत आलं तर दोघंही मारतील. एक तरणी बाई म्हणाली, आमची बाकी किती हे माझ्या माहेरी कळलं तर धाकटीचं जमायचं नाही. कोणी म्हणालं, बाकी बघून बचत गट कर्ज देईल का? प्रत्येक प्रश्न रास्त होता. ताईंचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्या चिडून म्हणाल्या, “तुमची लूट तुमाला दिसत नाही का?”

तेव्हा पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या आजी उठल्या. ताईंच्या आईच्या जुन्या शेजारीण, त्याच टोळीतल्या. त्या म्हणाल्या, “दिसती ना. पर वहीनं ताप उतरत नाही, बाई. येळंला कोण धावतंय ते बग आधी.”

सभेत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी हसलं नाही. ताईंनी ठराव मतदानाला टाकला नाही. मागे घेतला.

त्या संध्याकाळी त्या माझ्यावर रागावल्या, लोकांवर रागावल्या. “लोकांनाच नको असंल तर मी काय करू? बापानं डबा उपडा केला, आज गावानं केला.” हे वाक्य मी तसंच वहीत लिहिलं आणि त्याच्याकडे बघत बसले. समोर गावकरी आपापल्या अडचणी सांगत होते आणि ताईंना त्या प्रत्येकात वडील दिसत होते.

काय केलं

दोन दिवस ताई पंचायतीत गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आजींच्या घरी गेल्या. मी सोबत नव्हते, त्यामुळे तिथे काय बोलणं झालं ते ताईंनी सांगितलं तेवढंच मला ठाऊक. आजींनी त्यांना एकच गोष्ट विचारली: रात्री पैसे लागले तर मुकादमाशिवाय कोणाला फोन करायचा, ते सांग, मग वही लिहिते.

दसऱ्याला दहा दिवस उरले होते. ताईंनी दोन गोष्टी केल्या.

वही पंचायतीतून काढून घराघरात दिली. साधी चाळीस पानी वही, रकाने आखलेली: तारीख, खेप किंवा टन, खाडा, मुकादमाकडून घेतलेले पैसे. ती कुटुंबाची. कोणाला दाखवायची, दाखवायची का नाही, ते कुटुंब ठरवणार. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी रेघा मारायच्या खुणा. सरकारी नोंदणी ग्रामसेवकाकडून घरोघरी जाऊन करून घेतली, त्यात उचलीचा प्रश्नच नव्हता.

दुसरं काम आजींच्या प्रश्नाचं. ग्रामपंचायतीच्या पैशातून असं कर्ज देता येत नाही. पण उमेद या बचत गटांच्या सरकारी अभियानातल्या ग्रामसंघाकडे, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाकडे, अडीअडचणीसाठीचा जोखीम निधी होता, गटांच्या बायकांनी चालवलेला. अडचण एवढीच, की पैसे मिळायला बैठक लागायची आणि फडातली बाई बैठकीला कशी येणार? ग्रामसंघाने ठराव केला की हंगामात दवाखान्याच्या कारणाला बैठक नंतर, पैसे आधी. अध्यक्ष, सचिव आणि लेखापाल, तिघींपैकी दोघींनी फोनवर हो म्हटलं की त्याच रात्री मोबाइलवर पैसे जाणार. तिघींचे नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहिले.

तिकिटाबद्दल ताईंनी दादाला सांगितलं, “वही मी मागं घेतली ती लोकांसाठी. तुझ्या साहेबांसाठी नाही.” हे त्यांनी सांगायलाच हवं होतं का, यावर आमचं आजही एकमत नाही. गप्प राहिल्या असत्या तर तिकीट कदाचित मिळालं असतं. ताई म्हणतात, तसं मिळालेलं तिकीट पाच खेपांसारखं कोणाच्या तरी वहीत गेलं असतं.

पुढे काय झालं

पंचायत समितीची निवडणूक झालीच नाही. मार्च 2022 मध्ये मुदत संपली, प्रशासक बसले आणि निवडणूक लांबत गेली. ज्या तिकिटावरून एवढं झालं, ते कोणालाच मिळालं नाही.

वह्या सव्वाशेच्या आसपास वाटल्या होत्या. हंगामानंतर ताईंनी सहज विचारलं, तर तीसेक घरांनी शेवटपर्यंत लिहिलं होतं. बाकीच्यांच्या पहिल्या पंधरा दिवसांत भिजल्या, हरवल्या, चुलीत गेल्या. पण त्या तीसमधल्या सात घरांनी वही पुढे करून मुकादमाशी हिशेब केला आणि चौघांचा हिशेब दुरुस्त झाला. त्यातला एक मुकादम दादा होता. त्याने वाद घातला नाही. मला म्हणाला, “तिच्या वहीत अडीच टन जास्त निघाले. मह्या माणसाची चूक व्हती. दिले.” थोडं थांबून म्हणाला, “ती म्हनती मुकादमानं लुटलं. मी म्हनतो, मुकादमानं आई वाचवली. दोन्ही खरं हाय, मॅडम. पर ती मह्यापुढं कधी दोन्ही म्हनली नाही, अन् मीबी तिच्यापुढं कधी म्हनलो नाही.”

ग्रामसंघाच्या निधीतून त्या हंगामात अकरा वेळा पैसे गेले. दोन ठिकाणी परत आले नाहीत. त्यातल्या एका घरी माणूस दगावला होता, तिथे कोणी मागायलाही गेलं नाही.

डिसेंबर 2022 च्या ग्रामपंचायत निवडणुकीत सरपंचपदाचं आरक्षण बदललं होतं, पद सगळ्यांना खुलं होतं. दादाने दुसरा माणूस उभा केला. ताई सरपंचपदाला उभ्या राहिल्या नाहीत, आपल्या वॉर्डातून सदस्य म्हणून उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. सरपंच दादाचा माणूस झाला. वह्या मात्र अजून वाटल्या जातात. पैसे ग्रामपंचायत देत नाही, ग्रामसंघ देतो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक माझी. ताईंची गोष्ट मला इतकी भिडली होती, की मी ती दोन वर्षं प्रत्येक प्रशिक्षणात सांगत होते. वारंवार सांगून सांगून ती गुळगुळीत झाली: लहान मुलगी, खडे, लबाड मुकादम. दादाची मोटरसायकल त्यात नव्हती, कारण मी त्याला विचारलंच नव्हतं. ताईंनी उचलीचा आकडा गाळायला नकार दिला तेव्हा मी गप्प बसले, त्याचं कारण हेच. एखाद्या बाईच्या लहानपणाच्या जखमेपुढे हरकत घेणं मला निर्दयपणाचं वाटलं. खरं तर तिथेच बोलायला हवं होतं. त्या जखमेने ताईंना दिलेली चिकाटी मी जवळून पाहिली. नऊ वर्षांच्या मुलीला जे दिसलं नव्हतं, ते चाळिशीकडे आलेल्या बाईलाही ती जखम दिसू देत नव्हती.

दुसरं, क्रम. निधी आधी आणि वही नंतर, असं झालं असतं तर गेलेल्या वह्यांपैकी चाळीस-पन्नास कदाचित वाचल्या असत्या. मुकादमाशिवाय रात्र काढता येते हा भरवसा आल्यावरच माणूस मुकादमाचा हिशेब लिहायला धजतो.

दादाला मी फार उशिरा भेटले. प्रशिक्षण महिला सरपंचांचं, म्हणून पुरुषांशी बोलायचं नाही असा काही नियम नव्हता, मीच तसं वागत होते. तो पहिल्यापासून बैठकीत असता तर ठराव कदाचित आणखी पातळ झाला असता. पण ‘दार कोण उघडतंय’ हा प्रश्न आम्हाला ग्रामसभेत ऐकावा लागला नसता.

आणि एक गोष्ट, जी मला 2023 च्या पावसाळ्यात कळली. मी पहिल्यांदाच ताईंच्या आईंशी निवांत बोलले. त्या म्हणाल्या, त्या रात्री ताप नव्हताच. तिसरा महिना होता, मोळ्या उचलून गेला. पोरांना काय सांगणार, म्हणून ताप म्हटलं. दादा मुकादमाकडे गेला तेव्हा शेजारच्या कोपीतली बाई आली. तिने आपलं लुगडं फाडलं, आईंना आडवं केलं, मोटरसायकल येईपर्यंत पाय उंच धरून बसली. परत आल्यावर आठ दिवस या घराच्या भाकरीही तिनेच केल्या, स्वतःचा खाडा पाडून. “डॉक्टर म्हनला, हिनं केलं म्हनून वाचलात.” हे आईंनी नंतर ताईंना आणि दादाला स्वतः सांगितलं, तेव्हाच मी ते इथे लिहिते आहे.

ती शेजारीण म्हणजे ग्रामसभेत उठलेल्या आजी. जवळपास तीस वर्षांनी चारचौघांत त्या ‘ताप’ म्हणाल्या, तो शब्दही त्यांनी जपून वापरला होता.

भाऊ मोटरसायकल आठवतो, बहीण वही आठवते. आजी दोघांच्याही आठवणीत नव्हत्या. दिवाळीनंतर मी त्यांना भेटायला मुद्दाम गावी गेले. त्यांना विचारायचं होतं, त्या वेळी त्यांचं वय काय होतं, खाड्याचे पैसे किती कापले गेले, त्यांना स्वतःला गावात कधी काही व्हावंसं वाटलं का. दाराला कुलूप होतं. शेजारच्यांनी सांगितलं, हंगाम लागला, सून-मुलगा तोडीला गेले, नातवंडं सांभाळायला आजीही टोळीबरोबर गेल्या.